पान्यांची पेटी कोणी निवडावी?

अवजारे बँकेच्या खरेदीत रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्रावर तासन्‌तास चर्चा होते. पान्यांची पेटी मात्र शेवटी, न पाहताच घेतली जाते. ही काटकसर महाग पडते. चेन्नईत १९६० साली स्थापन झालेल्या ‘टाफे’ने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर आणले. या ब्रिटिश घराण्यातील जुन्या ट्रॅक्टरांवर इंची मापाचे बोल्ट आढळतात. साडेचार सुताचे डोके १४.२९ मिमी भरते. त्यावर १४ चा सॉकेट चढत नाही, १५ चा सरकतो आणि कोपरे झिजवतो. मग ऐन पेरणीत छिन्नी-हातोडा हाती येतो. सहा सुताला १९ चा सॉकेट चालून जातो, फसगत होते ती यामुळेच. मिलिमीटरच्या मापातही एम-१० बोल्टला कुठे १६ चा, कुठे १७ चा सॉकेट लागतो.

तेव्हा पेटीतील नग मोजण्याऐवजी गावातील यंत्रांचे बोल्ट व्हर्नियरने मोजावेत. जड कामासाठी अर्धा इंच चौकोनाचे, सहाकोनी सॉकेट घ्यावेत. पाव इंची रॅचेटला पाइप लावून चाकाचे नट सोडवू पाहणे म्हणजे रॅचेट गमावणे. खरेदी समितीत ट्रॅक्टरचालकाला बसविल्यास हे काम अर्ध्या दिवसाचे आहे.