मुद्दल, सावली आणि शाळेतील गणित

दहावीच्या गणिताच्या पुस्तकात कुठे तरी एक खांब हमखास उभा असतो. त्याची सावली इतके मीटर, शेजारच्या काठीची इतकी, तर खांबाची उंची काढा. मुले ती काढतातही. समरूप त्रिकोणांचे गुणोत्तर मांडावे, तिरका गुणाकार करावा, उत्तराखाली दोन रेघा माराव्यात की झाले. पण तोच विद्यार्थी मंगेशीच्या प्रांगणातील सात मजली दीपस्तंभापुढे उभा राहिला, तर हातातली छत्री आणि दोन सावल्या एवढ्या भांडवलावर त्याची उंची सांगता येते, हे त्याच्या मनातही येत नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त व्याजाची उदाहरणे घातली, तशी सावलीचीही घातली. त्यांच्या लेखी हा व्यवहार होता. आम्ही त्याचे गुण करून टाकले.

सावलीचे एक वेळ सोडून देऊ. दीपस्तंभाची उंची चुकल्याने कोणाचे घर बुडत नाही. चक्रवाढ व्याजाची गोष्ट मात्र तशी नव्हे. पुस्तकातील मुद्दल सदैव दरसाल दरशेकडा वाढते आणि तीन वर्षांनी सुखरूप परत येते. बाजारातील सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो, तो महिन्याला. कर्जदार मनाशी छत्तीस टक्के धरतो. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले, तर वर्षाअखेर दहा हजारांचे १४,२५८ होतात, म्हणजे दर साडेबेचाळीसच्या वर गेला. दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते आणि पाच वर्षांत ५८,९१६ वर पोचते. आमच्या पूर्वजांना या वाढीचे भय ठाऊक होते. म्हणूनच धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घातला. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, हा तो नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला होता. आठवीत सूत्र पाठ करणाऱ्या किती मुलांना हा नियम का करावा लागला हे कोणी सांगितले असेल?

जमिनीच्या बाबतीत अज्ञान याहून महाग पडते. नकाशाचे प्रमाण १:१००० असेल, तर कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जागेवरचे दहा मीटर आणि एक चौरस सेंटीमीटर म्हणजे शंभर चौरस मीटर. आता या नकाशाची झेरॉक्स काढताना कागदात बसावा म्हणून तो एक दशांशाने लहान केला, असे समजा. पट्टी लावून जुन्याच प्रमाणाने मोजणाऱ्याला सहाशे चौरस मीटरचा भूखंड ४८६ चौरस मीटर दिसेल. लांबी दहा टक्क्यांनी घटली, पण क्षेत्रफळ एकोणीस टक्क्यांनी घटले. समरूप आकृतींची क्षेत्रफळे बाजूंच्या वर्गांच्या प्रमाणात असतात, एवढेच हे प्रमेय. ते माहीत नसले की शेजाऱ्याने मेर सरकवली असा संशय येतो, आणि गोमंतकात मेरेवरून किती घरांत अबोला धरला गेला आहे, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको.

आणि नेमके हेच प्रमेय एनसीईआरटीने २०२२ मध्ये पाठ्यक्रमाचा भार हलका करताना दहावीच्या पुस्तकातून वगळले. महामारीत मुलांचे शिक्षण बुडाले होते, भार कमी करणे आवश्यक होते, हे आम्हांस मान्य आहे. पण भार उतरवताना नावेतून वल्हे टाकून द्यावयाचे नसते. कठीण आणि निरुपयोगी असे काही त्या पुस्तकात उरलेच नव्हते काय?

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. अभ्यासक्रम पुरा करता करता त्यांचा जीव मेटाकुटीस येतो. तरीही वर्षातून दोन तास काढावेत, असे आम्ही सुचवितो. एका तासाला प्रत्येक मुलाने घरच्या जमिनीचा नकाशा आणावा व त्यावरून क्षेत्रफळ काढून एक-चौदाच्या उताऱ्याशी ताडून पाहावे. दुसऱ्या तासाला फळ्यावर महिन्याच्या दराचे एक कर्ज मांडावे आणि ते साठ महिने चालवावे. त्या दुसऱ्या तासाला पालकांनाही मागच्या बाकावर बसू द्यावे.