सात जणींची गच्ची

कुणाच्या हाताला चव असते, कुणाला हिशेब चटकन जमतो, कुणाला माणसे जोडता येतात. हे सारे गुण एकाच व्यक्तीत क्वचितच सापडतात. म्हणूनच माणसाला माणूस लागतो.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होते उसन्या घेतलेल्या ८० रुपयांचे. पहिल्या दिवशी जेमतेम ४ पाकिटे तयार झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत. हलका पापड स्वस्तात विकण्यासाठी. छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, की एकच प्रत ठेवा आणि ती उत्तम ठेवा. त्यांनी तो मानला.

मग पावसाळा आला. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? चार महिने काम बंद पडले. पण पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. भर पावसातही काम चालू राहिले.

हाच आपला 'लिज्जत' पापड. सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज संस्थेच्या हजारो भगिनी तिच्या मालकही आहेत. पीठ एकीजवळ मळले जाते, पापड दुसरीच्या घरी लाटला जातो. मळणारीने हयगय केली, तर लाटणारीचे कष्ट वाया जातात.

दुसऱ्याला विचारण्यात कमीपणा कसला? त्या सात जणींनी विचारले, ऐकले, म्हणूनच चार पाकिटांवर त्यांचे काम थांबले नाही.