शिबिरात ‘आत्ता नाही’ म्हटलेल्यांची यादी कुणाकडे आहे?

रविवारच्या शिबिराचे फोटो का टाकले नाहीत, असं कालपासून तिघा-चौघांनी विचारलं. बॅनरसमोरचे फोटो आयोजकांच्या पेजवर आहेत, तिथे बघा. मी त्या दिवशी बातमीदार म्हणून नाही, स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. जे बघितलं ते चार ओळींच्या बातमीत बसत नाही, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

शिबिर होतं दुभंगलेला ओठ आणि टाळू असलेल्या लेकरांसाठी. शहरातून वैद्यकीय मिशनचं पथक आलेलं. ऑपरेशन इथे नाही. इथे फक्त तपासणी आणि निवड, निवडलेल्यांना नंतर शहरातल्या हॉस्पिटलात नेणार, सगळं मोफत. मंगल कार्यालयात ओळीनं टेबलं मांडली होती. वजन, रक्त, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, शेवटी सर्जन. सकाळी माझ्याकडे नोंदणीची वही होती. दुपारी मला शेवटच्या टेबलाशेजारी बसवलं. काम काय, तर ज्यांना ‘आत्ता नाही’ म्हटलंय त्यांना का नाही ते आपल्या बोलीत समजावून सांगायचं.

हे काम मागून घेऊ नका, एवढंच सांगतो.

सात महिन्यांची एक मुलगी होती. ओठही फाटलेला, टाळूही. आई विशीतली. सासूनं पहिलंच वाक्य टाकलं, ‘गिरानात इळीला हात लावला हिनं.’ ग्रहणाचा आणि याचा काडीचा संबंध नाही, जगात साधारण सातशे बाळांमागे एक बाळ असं जन्माला येतं, हे डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

मुलीचं हिमोग्लोबिन आलं आठच्या खाली. ओठाच्या ऑपरेशनला डॉक्टर मंडळी एक ढोबळ नियम पाळतात. बाळ किमान दहा आठवड्यांचं, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या पुढे आणि हिमोग्लोबिन दहा. मुलगी वजनात कशीबशी बसली, रक्तात अडकली. भूलतज्ज्ञांनी मला समजावलं की पाच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून चारशे मिली रक्त असतं. त्यातलं थोडंही गेलं तर भारी पडतं. म्हणजे ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर निर्दयी नव्हता, तो बाळाचा जीव राखत होता. हे मी आधी लिहून ठेवतो, नाहीतर कॉमेंटमध्ये लगेच डॉक्टरांवर घसराल.

पण गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच. टाळू फाटलेलं बाळ ओढून दूध पिऊ शकत नाही, प्यायलेलं नाकातून येतं. म्हणून ते वाळतं. आणि वाळलं म्हणून ऑपरेशन लांबतं. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तेच मागे राहतं. नर्सनं विचारलं, चहा पाजता का? आई म्हणाली, बोंडल्यानं थोडा थोडा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

लोहाची बाटली दिली. दोन-अडीच महिने पाजा, मग शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन या, असं मी सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, ‘भाऊ, दसरा झाला की टोळी निघती. उचल घेतलीय. मंग आम्ही कवा यायचं?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या तालुक्यातली निम्मी गावं दिवाळीत रिकामी असतात, हे मी वर्षानुवर्षं छापतोय. दोन-अडीच महिन्यांनी ही बाई कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडात असणार. एक दिवस खाडा केला तरी मुकादम पैसे कापतो. ती परत येणार एप्रिलमध्ये. आणि टाळूचं ऑपरेशन बोलायला लागायच्या आत, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या आत झालेलं बरं असतं, नाहीतर बोलणं नाकातूनच राहतं.

संध्याकाळी मी आयोजकांना विचारलं, परत पाठवलेल्यांची यादी कुणाकडे राहणार? निवड झालेल्यांची होती. दुसरी नव्हतीच. नोंदणीचा एकूण आकडा मात्र प्रेसनोटमध्ये होता. मीही वीस वर्षं तेच लिहीत आलोय, ‘असंख्य रुग्णांनी लाभ घेतला’. लाभ कुणी घेतला आणि कोण रिकाम्या हातानं एसटीत बसलं, हे मी एकदाही विचारलं नाही.

ऑपरेशन स्माईल ही संस्था आज जगभर हेच काम करते. तिची सुरुवात 1982 मध्ये फिलिपिन्समध्ये झाली. एक अमेरिकन सर्जन आणि त्यांची नर्स पत्नी पथकासोबत गेले होते. आलेल्यांतल्या बहुतेकांना परत पाठवावं लागलं, आणि त्या परत पाठवलेल्यांसाठी पुन्हा यायचं म्हणून त्यांनी संस्था काढली. आपल्याकडे मात्र ती माणसं मंडप सोडताना विसरली जातात.

सरकारी सोय नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता असं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे. मग शिबिरातली नावं त्या पथकाला द्यायला काय अडचण? रक्त वाढलं की नाही हे गावातच बघता येईल. आणि टोळी निघालीच, तर नाव ज्या कारखान्याच्या हद्दीत फड आहे तिथल्या आरोग्य केंद्राला कळवा. मुकादमाला कारखाना माहीत असतो, उचल देतानाच ठरलेला असतो. ऊस कुठल्या गाडीत गेला याचा हिशेब लागतो, तर बाळाचा का लागू नये?

मी माझ्यापुरतं एक केलं. त्या दिवशी परत गेलेल्या एकोणीस लेकरांची नावं, गावं, हिमोग्लोबिन आणि टोळी कुठे जाणार ते आयांना विचारून वहीत उतरवून घेतलं. इथे टाकणार नाही, ती त्यांची खासगी गोष्ट आहे. उद्या तालुका आरोग्य कार्यालयात एक प्रत देऊन पोच घेणार आहे. आयोजकांनाही दुसरी प्रत देतो, त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाचे भाऊबंद शिरोळ, वाळवा, चिक्कोडी, अथणी या बाजूला कारखान्यात स्लिपबॉय किंवा चिटबॉय असतील, तर मला इनबॉक्स करा. दसऱ्याला तेवीस दिवस आहेत.