परिचारिकेचे अश्रू : एक दुर्लक्षित वेगधारण

चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेत मुखोद्गत करतो आणि पुढे आयुष्यभर त्यांतील दोहोंविषयीच बोलतो : वैद्य आणि द्रव्य. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ९व्या अध्यायात परिचारकाचे गुण स्वतंत्रपणे सांगितले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. ज्ञान अनुभवाने वाढते, दक्षता सरावाने. अनुराग मात्र क्षीण होऊ शकतो. बालरुग्ण विभागात हा क्षय सर्वाधिक क्लेशदायक असतो.

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातील रात्रपाळी डोळ्यांपुढे आणावी. सात-आठशे ग्रॅम वजनाचे अर्भक कित्येक दिवस जिच्या हाताखाली वाढले, तिच्याच पाळीत ते पहाटे दगावते. ती नळ्या काढते, इवलेसे शरीर पुसून कापडात गुंडाळते, आईच्या हाती देते, नोंदवही भरते आणि घड्याळ पाहून शेजारच्या बाळाला दूध देण्यास वळते. रडावयास तिला वेळ नसतो; मुभाही नसते. सिस्टरच रडू लागल्या तर आईने काय करावे, हे तिच्या मनावर बिंबविलेले असते.

सूत्रस्थानाच्या ७व्या अध्यायात १३ अधारणीय वेग सांगितले आहेत. त्यांपैकी मूत्र, क्षुधा, तृष्णा, निद्रा, श्रमश्वास आणि अश्रू असे ६ वेग ही परिचारिका एका रात्रीत रोखून धरते. शोक हा तर धारणीय वेग आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो योग्यच आहे. परंतु त्याच अध्यायात अश्रू अधारणीयांत घातले आहेत. शोकाच्या आहारी जाऊ नये, पण आलेले अश्रू अडवू नयेत, असा याचा अर्थ आम्ही लावतो. अश्रू रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम होतात, असे आचार्य सांगतात. उपाय म्हणून निद्रा, मद्य आणि प्रिय कथा सुचविल्या आहेत. मद्याची शिफारस आम्ही अर्थातच करीत नाही. उरलेल्या दोहोंना मात्र औषधालयाची गरज नाही.

करुणाजन्य थकव्याविषयीची इंग्रजी संज्ञा कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ साली परिचारिकांसंबंधी लिहिताना वापरली. ‘बर्नआउट’ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात व्याधी मानलेले नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम म्हटला आहे. आपल्या संहितांत हेच नावानिशी सांगितले आहे, असा दावा करण्याचा मोह आम्ही टाळतो. मात्र हेतू कामाच्या रचनेत आहे असे ठरले, की निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा होते, हे वैद्यास वेगळे सांगावयास नको. सलग रात्रपाळ्या तशाच ठेवून परिचारिकांना अश्वगंधा वाटणे, अथवा वर्षातून एकदा शिरोधारेचे शिबिर भरविणे, हे आमच्या मते अपथ्य चालू ठेवून औषध देण्यासारखे आहे.

आमच्या सभासदांपैकी अनेकांची कौमारभृत्य व प्रसूती विभाग असलेली स्वतःची रुग्णालये आहेत. तेथे बालमृत्यूनंतर त्या परिचारिकेस निदान अर्धा तास कामातून मोकळे करावे, त्या वेळात दुसरीने तिची बाळे सांभाळावीत आणि एखाद्या ज्येष्ठ सिस्टरने तिच्याजवळ बसावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या अधिकारात आहे. बसून डबा खाण्यापुरती एक खोलीही पुष्कळ ठिकाणी अद्याप नाही.