राखून ठेवलेले लोखंड

जुन्या बुलेटचे इंजिन बांधायला काढले, की वर्कशॉपमध्ये हमखास सल्ला मिळतो : एकदम मोठा बोअर मारून टाका, कटकट नको. मला ही उधळपट्टी वाटते. ३५० सीसीच्या त्या बिडाच्या सिलिंडरचा मूळ बोअर ७० मिलिमीटरचा. झिजून लंबगोल झालेला सिलिंडर पुन्हा गोल करायचा, तर धातू कापावाच लागतो. आणि कापलेला परत येत नाही. म्हणून आधी बोअर गेजने झीज मोजावी. ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टनने भागत असेल, तर तिथेच थांबावे. उरलेल्या जाडीवर पुढच्या दुरुस्तीचा, कदाचित पुढच्या पिढीचाही हक्क आहे. चांगला कारागीर मी त्यालाच म्हणेन, जो कापण्याआधी मोजतो.