कामगाराचे मत का फिरते?

निवडणुकीचे निकाल लागले की आपल्याकडे एक ठराविक आरोप ऐकू येतो. मजूर विकला गेला, गरिबाला निष्ठा नसते, काल एका झेंड्याखाली होता तो आज दुसऱ्या झेंड्याखाली गेला. हा आरोप करणारा गृहस्थ बहुधा असा असतो की कोणताही पक्ष सत्तेवर आला तरी त्याचे काही अडत नाही. त्यामुळे आपले मत एकाच पेटीत टाकीत राहणे त्याला परवडते. चुडावा, पूर्णा, गंगाखेड या टापूतील बौद्ध कुटुंबांना, विशेषतः ज्यांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे अशांना, हा टोमणा दोन्ही बाजूंनी सोसावा लागतो. तेव्हा या आरोपात तथ्य किती याचा एकदा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम आपल्याच मतदारसंघाचा इतिहास पाहू. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परभणीने शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारे यांना लोकसभेत धाडले. १९५७ पासून येथे काँग्रेसचे राज्य सुरू झाले. १९७७ साली त्याच परभणीने काँग्रेसला झिडकारून पुन्हा शेतकरी कामगार पक्षाचे शेषराव देशमुख यांना निवडले. आणि अवघ्या बारा वर्षांनी, १९८९ साली, शिवसेनेच्या पाठबळावर उभे राहिलेले अशोकराव देशमुख विजयी झाले. त्यानंतर १९९८ चा एक अपवाद सोडला तर परभणीची लोकसभेची जागा शिवसेनेकडेच राहिली. नावातच शेतकरी आणि कामगार असलेल्या पक्षाचा मतदार बारा वर्षांत कोठे गेला? तो काही श्रीमंत झाला नव्हता. त्याच्या शेताला पाणी आले नव्हते, की त्याच्या मुलाला नोकरी लागली नव्हती.

मुंबईच्या गिरणगावाची कथा याहून बोलकी आहे. मुंबई दक्षिण-मध्य हा मतदारसंघ म्हणजे कामगारांचा बालेकिल्ला. तेथे जानेवारी १९७४ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. १९७७ साली रिपब्लिकन पक्षाचे बापू चंद्रसेन कांबळे, १९८० साली इंदिरा काँग्रेसचे रा. रा. भोळे, १९८४ साली अपक्ष म्हणून डॉ. दत्ता सामंत आणि १९८९ साली शिवसेनेचे वामनराव महाडिक. पंधरा वर्षांत पाच वेळा खासदार बदलला आणि पाचही वेळा झेंडा निराळा. १९८४ साल तर इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेचे होते. देशभर काँग्रेसचे उमेदवार प्रचंड मतांनी निवडून येत असताना गिरणी कामगाराने मात्र संपात हरलेल्या आपल्या पुढाऱ्याला दिल्लीला पाठविले. यास बेइमानी म्हणावयाचे काय?

त्या मतामागचे कारण कायद्यात दडलेले होते. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम १९४६ चा. त्या कायद्यान्वये गिरण्यांत वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या काँग्रेसच्या छायेतील एकाच संघटनेला होता. कामगार दुसऱ्या कोणाला मानत असला तरी मालकाला आणि सरकारला त्याची फिकीर नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, ते बोनस आणि पगार यांसाठी तर गेलेच, पण आपला प्रतिनिधी आपण निवडू या हट्टासाठीही गेले. तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. तो विरत गेला. लाखाच्या वर कामगारांची नोकरी गेली. ज्या कामगारास युनियनमध्ये आपला प्रतिनिधी निवडता आला नाही त्याने तो मतपेटीतून निवडला. आणि गिरणी बंद पडली, युनियनचे ऑफिस ओस पडले, चाळीत संध्याकाळी जमण्याचे निमित्त उरले नाही, तेव्हा त्याच चाळीच्या नाक्यावर शाखेचा फलक होता, ॲम्ब्युलन्स होती, भांडण मिटविणारा कोणी होता. पक्षाची निष्ठा जाहीरनाम्यावर पोसली जात नाही. ती अडल्या वेळी कोण धावून येतो यावर पोसली जाते. आमचे डावे मित्र ही साधी गोष्ट विसरले असे आम्हास वाटते.

तथापि या कथेत आपला कामगार कोठे आहे? गिरणीत विणकाम खात्यात पगार बरा, पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्य कामगारास तेथे प्रवेश नसे. त्यास कमी पगाराच्या खात्यांतच राबावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांना तो अडचणीचाच वाटला. ज्या एकजुटीची शपथ घेतली जात होती त्या एकजुटीत धाग्याला कोणाची थुंकी लागावी याचा नियम अगोदरच ठरलेला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, ते याच अनुभवावरून. आणि तरीही त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप घडविला. ज्यांच्याशी मतभेद आहेत त्यांच्याशी कामापुरती एकी करावयाची, काम झाले की आपला हिशेब आपण ठेवावयाचा, हा धडा पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावातील लोकांना समजावून सांगावा लागू नये.

आता मराठवाड्यातील मत का फिरले, याकडे वळू. १९७४ साली वसमतला, जे तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, दोघांचा बळी गेला आणि त्यातून मराठवाडा विकास आंदोलन पेटले. मागणी रास्त होती: रेल्वे रुंद करा, उद्योग आणा, नोकऱ्या द्या. १९७७ चे मत त्या संतापाचे होते. नोकऱ्या आल्या नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि तोच संताप आपल्या वस्त्यांवर चालून आला. घरे जळाली, विहिरी बंद झाल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. सरकारकडून भाकरी मिळविता आली नाही, तेव्हा शेजाऱ्याचा मान हिसकावून घेणे सोपे वाटले. नामांतराला विरोध करणारी शिवसेना १९८५ नंतर मराठवाड्यात शिरली तेव्हा तिला जमीन नांगरून ठेवलेलीच मिळाली. १९७८ साली खेड्यापाड्यांत नामांतराच्या बाजूने ठाम उभे राहण्याऐवजी गप्प बसलेल्या पुढाऱ्यांचा मतदार १९८९ साली त्यांना सोडून गेला, यात आश्चर्य ते काय?

ही रीत केवळ आपल्या देशाची नाही. अमेरिकेत डेट्रॉईट शहराला लागून मॅकोम्ब नावाची काउंटी आहे. मोटारींच्या कारखान्यांतील गोऱ्या कामगारांची ती वस्ती. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिने केनेडींना भरघोस मते दिली. १९८४ साली त्याच काउंटीने रेगन यांना तितकीच भरघोस मते दिली. १९८५ साली स्टॅनली ग्रीनबर्ग या अभ्यासकाने तेथील कामगारांना बोलते केले, तेव्हा आपल्या दैन्याचे खापर ते काळ्या शेजाऱ्यांवर फोडताना आढळले. कारखाने आक्रसत होते, पण त्यांच्या मते जे गेले ते काळ्यांनी नेले. मराठवाड्यातील १९७८ ची भाषा याहून निराळी नव्हती. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. याच मॅकोम्बने २००८ आणि २०१२ साली ओबामांना मत दिले आणि २०१६ साली ट्रम्प यांना. तेव्हा द्वेष हेच एकमेव कारण म्हणता येत नाही. काम देण्याचे वचन ज्याच्या तोंडी खरे वाटते त्याच्याकडेही तो मतदार जातो. काळ्या मतदाराची कथा तर आपणास अधिक जवळची आहे. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लिंकनच्या पक्षाशी तो दोन पिढ्या बांधलेला होता. १९३६ साली तो मोठ्या संख्येने रूझवेल्ट यांच्याकडे गेला, कारण मंदीत त्यास रोजगार आणि शिधा दिसला. त्यास कोणी कृतघ्न म्हटले असेल तर म्हणो.

बौद्ध मतदाराच्या हिशेबात आणखी एक रकाना आहे, तो म्हणजे कायद्याचा. धम्म स्वीकारला म्हणून आपल्या सवलती गेल्या. १९६२ साली राखीव जागेवरून विधानसभेत गेलेले नागपूरकडील मेश्राम यांची निवडणूक, ते बौद्ध झाले आहेत या कारणास्तव, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रद्द ठरविली. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क मिळाले ते १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात. चौतीस वर्षे ज्या समाजाला प्रत्येक सरकारच्या दारी हाच अर्ज घेऊन जावे लागले, त्याने दार बदलले म्हणून त्यास नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

मतपेटी कोणाची जात सांगत नाही. पण आकडे पाहणाऱ्यास काही दिसते. २०१९ साली परभणीत वंचित बहुजन आघाडीला सुमारे दीड लाख मते पडली. शिवसेनेचे संजय जाधव ज्या फरकाने निवडून आले त्याच्या तिपटीहून ती अधिक होती. २०२४ साली वंचितची मते लाखाच्या आत आली आणि तेच संजय जाधव, आता उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे म्हणून, सव्वा लाखाहून अधिक फरकाने विजयी झाले. संविधान बदलले जाईल ही धास्ती त्या निवडणुकीत वस्तीवस्तीत होती. ज्या पक्षाने एके काळी नामांतराला विरोध केला त्याच्या एका तुकडीला, संविधानाच्या रक्षणासाठी, आपल्यातील कित्येकांनी मत दिले असेल तर त्यांनी १९७८ विसरून ते दिलेले नाही. त्यांनी धोक्यांची तुलना केली आणि मोठा धोका प्रथम टाळला. सहाच महिन्यांनी विधानसभेच्या निवडणुकीत वारे फिरले. लोकसभेला परभणीत पडलेल्या राष्ट्रीय समाज पक्षाचेच रत्नाकर गुट्टे गंगाखेडातून पुन्हा निवडून आले. लाडक्या बहिणीच्या दीड हजार रुपयांची टिंगल अनेकांनी केली. शेतमजुरी करणाऱ्या ज्या बाईच्या नावे बँकेच्या खात्यात प्रथमच पैसे आले तिने ती टिंगल ऐकली आणि मत देताना लक्षात ठेवली, असे आमचे मत आहे.

राहता राहिला तो मतदार, जो फिरलाही नाही आणि राहिलाही नाही. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. उसाचा गळीत हंगाम पाचच दिवस आधी सुरू झाला होता. गंगाखेडच्या बाजूची तोडकरी कुटुंबे पोरेबाळे, भांडीकुंडी घेऊन दरसाल दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या फडांकडे निघतात. यादीत त्यांची नावे गावी आणि कोयता दोनशे कोसांवर. मतदानाला परत यावे तर मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल डोक्यावर असते. आता हे पाचट जेथे जळते तेथे मतपेटी नेण्याची मागणी आमच्या गावोगावच्या सभांनी ठरावाने केली पाहिजे, आणि तो ठराव मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या हाती, सही घेऊन, दिला पाहिजे.