तुझ्या कागदावर वाळू कुठे आहे?

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख देतेय असं सांगितल्यावर माझी रूममेट इतकी हसली की मेसच्या ताईंनी काय झालं म्हणून विचारलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये लिहिताच आला नसता, कारण तो मी ज्यांच्याकडून शिकले ते माझे काका फक्त मालवणीत भांडतात.

विषय आहे होडी आणि तिची मोटर. हसू नका. आपण सगळे पुढची चाळीस वर्षं कोणासाठी तरी काहीतरी ‘सिलेक्ट’ करणार आहोत. बेअरिंग, पंप, मटेरियल, सॉफ्टवेअर, काहीही. मला वाटायचं सिलेक्शन हा आपला सगळ्यात स्ट्राँग विषय. गेल्या मे महिन्यात तो भ्रम फिटला.

आमचं घर देवबागला. एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. बाबा मालवणला बँकेत नोकरी करतात, काका आणि दादा मासेमारी. काकांची लाकडी होडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. यंदा ती किनाऱ्यावर ओढली तेव्हा तळाच्या दोन फळ्या बोटाने दाबल्या तरी आत जात होत्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे नवी होडी आणायला हातात तेवढाच काळ. सोसायटीचं कर्ज काढायचं ठरलं आणि काकीने न बोलता पाटल्या काढून ठेवल्या. बाबा म्हणाले, “घरात इंजिनीअर आहे, तिला विचारा.”

झालं! इंजिनीअरबाईंनी लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट, तीन कॉलम : लाकूड, फायबर, अॅल्युमिनियम. लाकूड लगेच बाद, कारण चांगलं लाकूड महाग आणि होडी बांधणारे सुतार आता शोधावे लागतात. उरले दोन. अॅल्युमिनियमचा इलॅस्टिक मोड्यूलस ७० गिगापास्कल. साधं मॅट टाकलेलं फायबर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. घनता फक्त २.७, म्हणजे पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. मरीन ग्रेडचे ५०५२, ५०८३ असे मिश्रधातू खाऱ्या पाण्यात उत्तम टिकतात, असं टेक्स्टबुकच सांगतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात छोट्या फिशिंग बोटी मोठ्या प्रमाणावर अॅल्युमिनियमच्याच. ऑस्ट्रेलियात तर त्यांना लाडाने ‘टिनी’ म्हणतात. विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अॅल्युमिनियमच्या कनू बनवायला घेतल्या, हीसुद्धा माहिती मी तोंडावर फेकली. शेवटच्या ओळीत हिरव्या रंगात लिहिलं : रेकमेंडेड – अॅल्युमिनियम.

काकांनी चष्मा लावून स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “गो बाय, तुज्या कागदार वाळू खंय आसा?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला किनाऱ्यावर नेलं तेव्हा कळला. अमेरिकेतली ती टिनी ट्रेलरवर बसून येते, सिमेंटच्या उतारावरून पाण्यात जाते आणि तशीच परत ट्रेलरवर चढते. पुष्कळ जणी तर गोड्या पाण्याच्या तळ्यातच आयुष्य काढतात. आमची होडी रोज वाळूवरून ओढली जाते, खाली ओंडके घालून, चार-सहा जणांच्या रेट्याने. अॅल्युमिनियमला गंजापासून वाचवतो तो त्याच्यावरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तो रोज खरवडला जाणार. हवेत तो लगेच परत बनतो हे खरं, पण दर वेळी थोडी धातू जाते ती जातेच.

काकांचा दुसरा प्रश्न : “होडी खडपार आपाटली तर जोडतलो कोण? तू?”

इथे मला वर्कशॉपचं जर्नल आठवलं. अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरचं ऑक्साइड वितळायला २००० अंशांच्या वर तापमान लागतं. म्हणून नेहमीच्या ग्रिल-गेट वेल्डिंगवाल्याचं ते काम नाही. त्याला आर्गॉन गॅस लागतो, वेगळा सेट लागतो आणि हात बसलेला माणूस लागतो. आमच्या पट्टीत असा माणूस मला त्या सुट्टीत एकही सापडला नाही. उलट फायबरची होडी फुटली तर? रेझिन, हार्डनर, मॅट घेऊन बसणारी मुलं प्रत्येक वाडीत आहेत, कारण टुरिस्टांसाठी वॉटर स्पोर्ट्सच्या फायबरच्या बोटी आल्या आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीही आली. आज फुटली, घासून मॅट मारली, सुकली की परत पाण्यात.

तिसरी गोष्ट काका बोलले नाहीत, ती मला स्वतःलाच दिसली. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाची वजनं असतात. ओलं जाळं दिवसभर होडीच्या तळाशी पडून राहतं. अॅल्युमिनियम, त्याला चिकटलेलं शिसं आणि मधे खारं पाणी... ही तर आपण केमिस्ट्रीत काढतो ती बॅटरी! त्या बॅटरीत झिजणार कोण, तर अॅल्युमिनियम. गॅल्व्हॅनिक करोजनवर मी परीक्षेत फुल मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट. आणि माझ्याच शीटमध्ये ‘करोजन रेझिस्टन्स’ समोर ‘एक्सलंट’ लिहून मोकळी झाले होते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे अॅल्युमिनियम वाईट. अजिबात नाही! दगडावर आपटलं की फायबरला चीर जाते, अॅल्युमिनियमला बहुतेक वेळा नुसता पोचा पडतो. शिवाय मेलेल्या फायबरच्या होडीचं काय करायचं हे कोणालाच माहीत नाही. खाडीच्या कडेला अशी दोन-तीन सांगाडी वर्षानुवर्षं पडून आहेत, त्यांना भंगारवालाही विचारत नाही. अॅल्युमिनियम भंगारात किलोवर विकलं जातं. हा मुद्दा मी मांडला तेव्हा काका पहिल्यांदा गप्प बसले. “ह्या खरा,” एवढंच म्हणाले. पण होडी घ्यायची ती भंगारात घालण्यासाठी नाही, ऑगस्टमध्ये पाण्यात घालण्यासाठी. फायबर ठरलं.

मग मोटर. इथे दादा मैदानात उतरला. त्याला २५ हॉर्सपॉवरची हवी होती, कारण टुरिस्टांच्या बोटींना तशा असतात आणि त्या पाणी उडवत जातात. या वेळी मात्र कागद माझ्या बाजूने होता. पाणी कापत चालणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यातली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. २० फुटांना उत्तर येतं ६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर. त्यापुढे जायचं तर होडी पाण्यावर उचलली गेली पाहिजे. रिकामी होडी २५ च्या मोटरने उचलली जाईलही, पण तीन माणसं, जाळी, बर्फ आणि मासे भरल्यावर ती कशाला उचलते! तेव्हा जादा ताकद नुसत्या लाटा काढण्यात जाते. ढोबळ हिशेब असा की पेट्रोल मोटर पूर्ण रेसवर दर १० हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ४ लिटर पिते. म्हणजे ९.९ ची मोटर ४ लिटर, २५ ची १० लिटर. पेट्रोल शंभरी ओलांडून बसलंय. दादा म्हणाला, “पूर्ण रेस कोण देतो?” मी म्हटलं, “तू.” काकी पहिल्यांदाच हसली.

पण खरी गोष्ट हॉर्सपॉवरची नव्हतीच. ती सांगायला मला जरा जड जातंय.

त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात काका आणि दादा जाळी ओढून परत येत असताना मोटर तापली आणि बंद पडली. मोटर चालू असताना मागून पाण्याची एक बारीक धार पडते, थंड करणारं पाणी फिरतंय याची ती खूण. ती धार थांबली होती, अंधारात लक्षात आलं नाही. वारा जमिनीकडून सुटला होता. वल्ही मोटर आल्यापासून घरीच, माळ्यावर. मोबाइलला रेंज नाही. नांगर टाकून बसले. रात्री ओळखीच्या एका होडीला त्यांची बॅटरी दिसली आणि तिने दोरी लावून ओढत आणलं. काकी साडेदहापर्यंत किनाऱ्यावर उभी होती. मी हॉस्टेलवर सबमिशनची शीट काढत होते. मला दोन दिवसांनी कळलं.

बिघाड काय, तर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर झिजून त्याची पाती तुटली. मुठीत मावेल एवढा पार्ट. ज्या कंपनीची मोटर होती तिच्या डीलरकडे तो नव्हता, यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस होडी किनाऱ्यावर, आणि ते ऐन सीझनचे.

मे महिन्यात नव्या मोटरची चर्चा चालू असताना मी माळ्यावरून जुन्या मोटरची कागदपत्रं काढली. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत, अगदी कोरं, कंपनीचं मॅन्युअल होतं. इंग्लिशमध्ये. त्यात मेंटेनन्सच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलं होतं की इंपेलर ठरावीक मुदतीने तपासा, झिजला असेल तर बदला. रोज काम संपल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवा, हेही होतं. काकांना इंग्लिश येत नाही. दादाचं दहावीनंतर सुटलं. त्या घरात इंग्लिश वाचता येणारी मी, मेकॅनिकलला असलेली मी, दर सुट्टीत त्याच माळ्याखाली झोपत होते. मला कधी ती पिशवी उघडावीशी वाटली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. वस्तूची निवड तिच्या गुणांवर करायला आपल्याला शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण ती कुठल्या किनाऱ्यावर ओढली जाणार, कोण दुरुस्त करणार, पार्ट किती दिवसांत मिळणार आणि मॅन्युअल कोण वाचणार, हे चार कॉलम आपल्या शीटमध्ये नसतात. सरांनी रागावू नये, पण ‘अव्हेलेबिलिटी’ हा शब्द आपण मटेरियल सिलेक्शनच्या उत्तरात शेवटी, वेळ उरला तर लिहितो. काका तिथून सुरुवात करतात. नवी मोटर घेताना त्यांनी दुकानदाराला मायलेज विचारलं नाही. विचारलं, “दोरी गुंडाळून चालू होता काय?” म्हणजे स्टार्टर मेला तरी हाताने चालू झाली पाहिजे. दुसरा प्रश्न, इंपेलर आत्ता, या दुकानात, शिल्लक आहे का? आहे म्हटल्यावर “दाखव.” दुकानदाराने दाखवला. काकांनी दोन विकत घेतले.

शेवटी आली ती फायबरची होडी आणि ९.९ ची फोर स्ट्रोक, साध्या कार्ब्युरेटरची. टू स्ट्रोक हलकी आणि सोपी, पण तेल-पेट्रोल जास्त पिते, म्हणून नको. माझं काँट्रिब्यूशन एवढंच की होडीवाल्याने ट्रान्सम, म्हणजे मोटर लावायची मागची फळी, बांधण्याआधी मी टेप घेऊन गेले. शॉर्ट शाफ्टची मोटर १५ इंचांच्या ट्रान्समला, लाँग शाफ्टची २० इंचांच्या. आधी मोटर ठरवा, मग फळी बांधा, नाहीतर पंखा एकतर हवेत फिरतो नाहीतर उगाच खोल जाऊन वाळूत रुततो. आणि माळ्यावरची वल्ही खाली आली. ती आता होडीतच असतात.

अॅल्युमिनियमचं म्हणाल तर मी हट्ट सोडलेला नाही. आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आर्गॉन वेल्डिंगचा सेट आहे. वर्षातून एक प्रॅक्टिकल होतं आणि त्याच्यावर कव्हर चढतं. किनाऱ्यावरची चार मुलं सुट्टीत इथे येऊन ते शिकली, तर दहा वर्षांनी काकांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असेल. एखाद्या ग्रुपला बी.ई. प्रोजेक्टला विषय मिळत नसेल तर हा घ्या. कमीत कमी एक जुनी आउटबोर्ड मोटर तरी आय.सी. इंजिन लॅबमध्ये आणा. आपल्याच कोकणात हजारो घरं तिच्यावर चालतात आणि आपल्याला ती उघडता येत नाही, हे बरं दिसत नाही.

मी माझ्यापुरतं एक काम केलं. नव्या मोटरच्या मॅन्युअलमधल्या मेंटेनन्सचं दोन पानांत मराठी केलं, मोठ्या अक्षरात, आणि लॅमिनेट करून पडवीत लावलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं कॉन्व्हेंटचं इंग्लिश घरच्यांच्या उपयोगी पडलं. गणपतीला गेले तेव्हा बघितलं, मी ‘इंपेलर’ लिहिलं होतं तिथे काकांनी पेनाने काट मारून ‘पाण्याचो पंखो’ असं केलंय. शेजारी तारीख. तपासल्याची.

– टी.ई. (मेकॅनिकल), लेडीज हॉस्टेल